फोटोखालची ओळ

४ फेब्रुवारी

फोटोग्राफरसाहेबांना,

तुमची आणि माझी ओळख नाही. तुमच्या फोटोची आणि माझी आहे. नोव्हेंबरात बसस्थानकाच्या फरशीवर एक माणूस पडला होता. त्याचं डोकं मांडीवर घेऊन एक बाई तोंड उघडून रडते आहे, असा तो फोटो. त्याला बक्षीस मिळाल्याचं वाचलं. अभिनंदन करायला हवं, पण ते करणारे तुम्हाला पुष्कळ भेटले असतील.

पेपरात तेव्हा फोटोखाली ओळ होती, ‘पतीचा डोळ्यांदेखत अंत, पत्नीचा आक्रोश’. बक्षिसाच्या बातमीत आता त्याला नावही दिलंय, ‘मागे उरलेली’.

तो माणूस माझा नवरा. मागे उरलेली मी. फोटोतली बाई मी नव्हे.

मी त्या दिवशी घरी होते. हॉस्पिटलातून फोन आला, मिळेल त्या गाडीने निघाले, पोहोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. तिथे कुठलीही बाई नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी माझी धाकटी जाऊ पेपर घेऊन आली. “वहिनी, तुम्ही बघू नका हं,” म्हणाली आणि फोटोची बाजू वर करून टेबलावर ठेवला. मग विचारलं, “कोण हो ही?” मी म्हटलं, असेल कोणी ओळखीची. “मांडीवर डोकं घेण्याइतकी?” असं म्हणून ती चहा टाकायला आत गेली. माझ्याच घरात, माझ्याच शोकाचा चहा.

तो विषय कसाबसा मिटत आला होता. आता बक्षिसाने पुन्हा उकरला गेला. लोक मला काही विचारत नाहीत. मी दुकानात शिरले की बोलणं हवापाण्यावर येतं, त्यावरून कळतं.

मला एवढंच सांगा, ती बाई कोण?

पेपरच्या ऑफिसात तुमचा नंबर मिळाला असता, पण फोनवर माणूस सुचेल ते पटकन बोलून टाकतो. मला पटकन दिलेलं उत्तर नको.

मशीनवाल्यांची बायको
(शिलाई मशीन दुरुस्त करायचे, म्हणून सगळे त्यांना मशीनवाले म्हणत.)


१२ फेब्रुवारी

काकू, नमस्कार.

तुमचं पत्र वाचून वाईट वाटलं. फोटोखालची ओळ चुकली, त्याबद्दल दिलगीर आहे. पण एक सांगतो. फोटो मी काढतो, ओळ डेस्कवर लिहितात. आमच्या कामात घटनास्थळी थांबून चौकशी करायला सवड नसते. गाडी येते, पोलीस येतात, गर्दी पांगते आणि पेपर छापायला जायची वेळ झालेली असते. ती बाई कोण, हे मला माहीत नाही. ती मोठ्याने रडत होती, एवढं मी पाहिलं.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी लिहितो. असे फोटो काढावेत का, असं मला बरेच जण विचारतात. मी म्हणतो, न काढावेत तर दुसऱ्याचं दुःख कोणाला दिसणारच नाही. हा फोटो छापून आल्यावर त्या स्थानकावर प्रथमोपचाराची खोली सुरू झाली. आधी तिथे साधं स्ट्रेचर नव्हतं. तुमच्या यजमानांचं जाणं अगदी वाया गेलं नाही, असं समजा.

आठवण म्हणून फोटोची एक मोठी प्रत वेगळ्या पाकिटातून पाठवत आहे. त्याचे काही द्यायचे नाहीत.

आपला,
फोटोग्राफर


१९ फेब्रुवारी

फोटोग्राफरसाहेब,

काकू म्हटल्याने माझा राग कमी होत नाही. तुमच्या वयाचा मला भाऊ आहे, आणि तो मला अजून नावाने हाक मारतो.

प्रत मिळाली. परत पाठवत नाही, पोस्टमनला कशाला त्रास. भिंतीकडे तोंड करून ठेवली आहे. नवरा मेला त्या क्षणाची मोठी प्रत आठवण म्हणून पाठवणारा माणूस मनाने वाईट नसावा. फक्त त्याला घरी बोलायला कोणी नसावं, असं मला वाटलं.

प्रथमोपचाराची खोली झाली हे चांगलं झालं. हे टोमण्याने लिहीत नाही. तिथे उद्या कोणाचा तरी नवरा वाचेल. पण ती खोली माझ्या जावेच्या तोंडाला कुलूप घालू शकत नाही, आणि माझ्या डोक्यालाही.

आता थोडं घरातलं सांगते, म्हणजे मी का मागे लागले आहे ते कळेल. यजमान दर गुरुवारी तुमच्या शहरात जायचे. तिथल्या कपड्यांच्या कारखान्यात मशिनी दुरुस्त करायचे आणि संध्याकाळच्या गाडीने परत. लग्नानंतर थोड्याच वर्षांनी सुरू झालं, ते शेवटच्या गुरुवारपर्यंत. मी त्यांच्याबरोबर एकदाही गेले नाही. दुकान कोण बघणार? शिवाय मला गाडी लागते.

आता मी त्यांच्या अवजारांची पिशवी उलटीपालटी करून पाहते. कोटाचे खिसे पाहते. एका खिशात दोन गोळ्या निघाल्या, लिमलेटच्या. त्या कोणासाठी, यावर मी सकाळ घालवली. अहो, त्यांच्या घशाला कोरड पडायची, ते मला जन्मभर माहीत आहे. तरी घालवली.

दुकानात गिऱ्हाइकांच्या मशिनी अजून तशाच आहेत. कोणती कोणाची, हे त्यांच्या डोक्यात असायचं. मी सगळ्यांवर चादरी टाकल्या आहेत. घरात पाहुणे येऊन बसलेत आणि कोणी बोलत नाही, असं वाटतं.

आमच्या दोघांतली आणखी एक गोष्ट आहे, तिच्यामुळे हा भुंगा जास्त पोखरतो. ती तुम्हाला सांगणार नाही. ती छापण्यासारखी नाही, आणि तुमचा मला भरवसा नाही.

त्या बाईला शोधा. तुम्हाला तिचा चेहरा माहीत आहे. मला तर तो पाठच झाला आहे.

मशीनवाल्यांची बायको


३ मार्च

वहिनी, नमस्कार.

(काकू चालत नसेल तर हे चालेल, असं धरून चालतो.)

बोलायला कोणी नसावं, हे तुम्ही बरोबर ओळखलंत. त्याबद्दल आणखी लिहीत नाही.

तुमचं पत्र आल्यावर मी मूळ फोटो उघडून पाहिला. छापताना मी त्याची डावी बाजू आणि खालचा भाग कापला होता. चेहऱ्यावर नजर जावी म्हणून कापतात, रोजचंच आहे. कापलेल्या भागात त्या बाईच्या अंगावर लांब पांढरा एप्रन आहे. पिठाने माखलेला. खिशावर बेकरीचं चिन्ह शिवलेलं आहे. ती बेकरी स्थानकातच आहे, तिकीट खिडकीच्या समोर.

म्हणजे ती तिथे काम करणारी आहे. माणूस पडलेला पाहून धावत बाहेर आली असणार. तुमच्या यजमानांशी तिचा काही संबंध नाही. मी बेकरीत जाऊन आलो, ती रजेवर होती. पण आता भेटायची गरज आहे असं वाटत नाही. तुम्ही निर्धास्त व्हा. जाऊबाईंना हे पत्र खुशाल दाखवा.

आपला,
फोटोग्राफर


९ मार्च

फोटोग्राफरसाहेब,

तुमचं पत्र वाचलं आणि होती नव्हती ती झोपही गेली.

दर गुरुवारी ते त्याच स्थानकावर उतरायचे. तिथूनच परतीची गाडी पकडायचे. आणि दर गुरुवारी घरी येताना कागदात गुंडाळलेला ताजा पाव आणायचे. त्या कागदावर बेकरीचं चिन्ह असायचं. इथे कोपऱ्यावर बेकरी असताना एवढ्या लांबून कशाला, असं मी म्हणायचे. ते म्हणायचे, तिथल्या पावाची गोष्टच वेगळी.

तुम्ही मला म्हणता, संबंध नाही. आता मला सांगा, इतकी वर्षं माझ्या ताटात कोणाचा पाव होता?

जाऊबाईंना पत्र दाखवलं नाही. हे वाचल्यावर तिला आणखी काही विचारायची गरजच उरणार नाही.

तुम्ही माझं समाधान करायला बघता. नका करू. एकदा न विचारता ओळ छापलीत, आता न विचारताच दुसरी लिहून पाठवलीत. पहिलीने माझा नवरा तिला दिला, दुसरीने मला परत दिला, आणि दोन्ही वेळा तुम्ही तिच्याशी एक शब्द बोलला नव्हतात.

जा आणि विचारा. वाईट असेल तर वाईट लिहा.

म. बायको


२४ मार्च

वहिनी,

भेटलो. आठवेल तसं लिहितो. माझं उत्तर म्हणून नको, तिचं म्हणून वाचा.

दुकानात गर्दी होती. तिने मला लगेच ओळखलं आणि म्हणाली, “रांगेत उभे राहा.” माझा नंबर आल्यावर म्हणाली, “काय देऊ?” मी म्हटलं, बोलायचं होतं. “इथे पाव मिळतो.” मी पाव घेतला. “आता बाहेर थांबा. माल उतरवला की येते.” बराच वेळ थांबलो. येईल याची खात्री नव्हती.

बाहेरच्या बाकावर येऊन बसली. वयाने माझ्याहून थोडी मोठी. एकटीच राहते, स्थानकामागच्या गल्लीत, एका खोलीत. लग्न केलेलं नाही. फोटो छापून आल्यावर तिच्या भावाने परगावाहून फोन केला, “लग्न कधी केलंस? आम्हाला कळवावंसंही वाटलं नाही?” तो अजून पुरता निवळलेला नाही. गिऱ्हाइकं तिच्याशी हळू आवाजात बोलायला लागली. एका म्हातारीने पाव घेताना तिचा हात हातात धरून ठेवला. ती मला म्हणाली, “तुमच्या कृपेने मी लग्नाआधीच विधवा झाले. नाही म्हणून सांगायचं तर किती जणांना सांगू? शेवटी नुसती मान हलवायला लागले.”

तुमच्या यजमानांना ती ओळखत होती. गिऱ्हाईक म्हणून. नाव माहीत नव्हतं. दुकानात त्यांना ‘करपलेल्या कडेवाले’ म्हणायचे. दर गुरुवारी यायचे आणि सांगायचे, कड जरा करपलेली असेल असा द्या. बाकी गिऱ्हाइकं तसा पाव परत करतात, म्हणून हिने एकदा विचारलं. त्यांनी सांगितलं, घरी बायकोला करपलेली कड लागते. तेव्हापासून गुरुवारी एक पाव ही मुद्दाम भट्टीत जरा जास्त ठेवायची. त्यांच्यात एवढंच बोलणं.

त्या दिवशी ते पाव घेऊन बाहेर पडले आणि दारासमोरच खाली बसले. ही काउंटर सोडून धावली. त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. भोवती माणसं जमली आणि एकेकाने फोन वर धरला. तितक्यात मी पोहोचलो. मी दुसऱ्याच कामासाठी स्थानकावर होतो.

आता पुढचं. फोटोत ती रडत नाही आहे. ती माझ्यावर ओरडते आहे. “फोटो काय काढतोस, पाणी आण!” माझ्याकडे बघून. म्हणूनच तिचे डोळे थेट कॅमेऱ्यात आहेत. परीक्षकांनी त्याच डोळ्यांचं कौतुक केलं.

मला ते तेव्हा ऐकू आलं होतं. तुम्हाला रडत होती असं लिहिलं, ते खोटं लिहिलं. पाण्याची बाटली माझ्या पिशवीच्या कप्प्यात होती. आधी हा एक काढतो आणि मग देतो, असं म्हणत मी आणखी काढले. तोवर हॉस्पिटलची गाडी आली. डेस्कवरून विचारलं, “बायको का रे?” मी म्हटलं, “असेल.” तेवढंच म्हटलं.

एक राहिलं. तुमचे यजमान तिच्याशी बोलले होते. ती गर्दीवर ओरडत असताना त्यांनी डोळे उघडले आणि तिला म्हणाले, “घरी सांगा, गुरुवारची भेटली. तुझ्यापेक्षा रागीट आहे म्हणावं.” आणि किंचित हसले. तिला वाटलं, शुद्ध हरपत चालली आहे, काहीबाही बोलताहेत. कोणाच्या घरी सांगायचं तेही माहीत नव्हतं. मला तिने विचारलं, याचा अर्थ काय? मलाही लागला नाही. शब्द मात्र तिने सांगितले तसेच लिहिले आहेत.

फोटोग्राफर


३० मार्च

फोटोग्राफरसाहेब,

तुमचं पत्र दुकानात उभ्यानेच वाचलं. मग एका मशिनीवरची चादर ओढून खाली बसले आणि हसले. जाऊ धावत आली. तिला वाटलं, माझं डोकं फिरलं.

तुम्हाला सांगणार नव्हते ती गोष्ट आता सांगते. लग्नानंतर ते गुरुवारी जायला लागले आणि एकदा उशिरा आले. मी दारातच विचारलं, “काय, कशी आहे तुमची गुरुवारची?” ते बूट काढत म्हणाले, “बरी आहे. तुझी चौकशी करत होती.” झालं. तेव्हापासून दर गुरुवारी तेच. गुरुवारचीने आज काय केलं? गुरुवारचीने आज लवकर सोडलं, म्हणून लवकर आलो. गुरुवारचीला सर्दी झाली आहे. म्हातारपण आलं तरी सोडलं नाही. माझ्यापेक्षा ती गरीब स्वभावाची आहे, असं ते नेहमी सांगायचे. चारचौघांत आम्ही हे कधीच बोललो नाही. लोकांना थट्टा कळत नाही, आणि जावेला तर मुळीच नाही.

मग तुमचा फोटो आला. आणि ज्या बाईची मी जन्मभर थट्टा केली, ती खरंच फरशीवर बसलेली. माझं काय झालं असेल, बघा.

तुमच्यावर माझा भरवसा नाही, हे लिहिलं होतं. अजूनही नाही. पण ही ओळ तुम्हाला बनवून लिहिता आली नसती. ती माझ्या आणि त्यांच्याशिवाय कोणाला माहीतच नव्हती. गरीब स्वभावाची म्हणून इतकी वर्षं सांगितलं आणि शेवटी भेटली ती रागीट, म्हणून ते हसले. मरतानाही माणसाला घरी जाऊन काय सांगायचं ते सुचत होतं.

आणि करपलेली कड मलाच लागते. ते नुसता मधला मऊ भाग खायचे.

डॉक्टर म्हणाले होते, काही केलं असतं तरी ते वाचले नसते. म्हणजे पाण्याने काही झालं नसतं. पण त्यांच्या घशाला कोरड पडायची हो. त्या गोळ्या खिशातच राहिल्या.

तुमचा फोटो प्रदर्शनात लावलाय म्हणे. तो काढून टाका असं मी म्हणत नाही. एवढ्या लोकांनी त्यांना पडलेलं पाहिलंच आहे. फक्त खालची ओळ बदला. खरी लिहा.

मशीनवाल्यांची बायको


१४ एप्रिल

वहिनी,

ओळ बदलली. आयोजकांनी पुष्कळ खळखळ केली. म्हणाले, अशी ओळ लावली तर फोटोत काही राहतच नाही. मी म्हटलं, मग फोटो उतरवतो. शेवटी लावली. आधी बेकरीत जाऊन तिला दाखवली होती. तिने वाचून एक शब्द खोडला. मी ‘विनवते’ लिहिलं होतं.

आता तिथे असं आहे: ‘बेकरीत काम करणारी एक बाई पडलेल्या गिऱ्हाइकासाठी फोटोग्राफरकडे पाणी मागते आहे.’ शीर्षक काढलं.

मी दुपारभर समोरच्या बाकावर बसून होतो. लोक आधी फोटो बघतात. बायका ओठ चावतात. मग खाली वाकून ओळ वाचतात, आणि पुन्हा फोटोकडे बघतात. या दुसऱ्या वेळी ते तिच्याकडे बघत नाहीत. ती बघते आहे तिकडे, म्हणजे मी जिथे उभा होतो तिकडे बघतात. एका मुलीने तर वळून मागे पाहिलं. मागे मीच होतो, पण तिला कसं कळणार?

परवा एका अपघाताच्या जागी गेलो होतो. फोटो काढले. ते माझं काम आहे आणि ते मला सोडता येईल असं वाटत नाही. पण आधी पिशवी उघडली. कोणाला पाणी नको होतं. तरी उघडून ठेवली.

तुमच्या गावावरून पुढच्या आठवड्यात जाणार आहे. तुमची हरकत नसेल तर येऊन भेटू का? कॅमेरा आणणार नाही.

फोटोग्राफर


२० एप्रिल

फोटोग्राफरसाहेब,

ओळ आवडली. जावेला वाचून दाखवली. ती म्हणाली, “मला आधीपासून वाटतच होतं, ही बाई तशी नसणार.” मी पत्राची घडी घातली. काही माणसांशी जिंकण्यात मजा नसते.

बेकरीच्या पत्त्यावर मी त्या बाईंना पत्र टाकलं होतं. त्यांचं उत्तर आलं. चारच ओळी, आणि अक्षर माझ्यापेक्षा वाईट. येते म्हणाल्या. सुट्टी कधी असते विचारलं होतं, तर गुरुवारी. गेल्या महिन्यापासून त्यांनी बदलून घेतली आहे. गुरुवारी भट्टीपाशी उभं राहिलं की हात आपोआप एक पाव जास्त वेळ ठेवतो आणि मग तो कोणी घेत नाही, असं लिहिलंय.

तुम्ही येऊ नका. राग नाही. राग असता तर या म्हटलं असतं. पण तुम्ही समोर बसलात तर आपण कसे दिसतो आहोत, याकडे माझं लक्ष जाईल. त्यांचंही जाईल. आम्हाला आमच्या गुरुवारच्या माणसाबद्दल जरा वेडंवाकडं बोलायचं आहे. तुम्ही मात्र घरी कोणाशी तरी बोलत जा. नाहीच कोणी तर पत्र टाका, मी वाचीन. उत्तराची घाई करू नका.

तुमची मोठी प्रत अजून भिंतीकडे तोंड करून आहे. त्या आल्या की विचारेन, सरळ करू की राहू दे. तो निर्णय माझ्या एकटीचा नाही.

स्थानकावर त्यांना घ्यायला जाणार आहे. घर सोपं आहे, त्यांना सापडलं असतं, पण दर गुरुवारी मी दारातच उभी राहिले, एकदाही स्थानकापर्यंत गेले नाही. पाण्याची बाटली बरोबर नेईन. उन्हातून येतील त्या. आधी पाणी देईन, मग काय ते बोलू.

मशीनवाल्यांची बायको